पाखरांचा वाटा

अक्का गेल्यावर नांदेडला तिच्या घरी माणसं भेटायला येत होती. तिच्या कॉलेजातल्या दोन मुली आल्या. त्यातली एक बराच वेळ माझ्याकडं बघत होती. निघताना जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडमच्या कादंबरीतली धाकटी राजकन्या तुम्हीच ना?"

मी हो म्हणाले. कादंबरी वाचली नव्हती, पण गोष्ट माझीही होती. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, येळवशीला, आम्ही लातूरजवळच्या आमच्या रानात जेवायला जायचो. तिथं कडबा उभा करून केलेल्या कोपीत बसून आम्ही दोघी बहिणींनी ती रचली होती. दोन राजकन्या, आरशात दोघींचा एकच चेहरा दिसतो. खरी कोणती असं कुणी विचारलं, की एकमेकींकडं बोट दाखवून म्हणतात, ही. पुढं अक्कानं त्यावर मुलींसाठी कादंबरी लिहिली. छापून आल्यावर मी प्रत मागितली, तर म्हणाली, घाई करू नको, येळवशीला मीच घेऊन येते. त्याआधीच ती तापानं गेली.

दाजींनी कपाटातून प्रत काढून दिली. लातूरच्या बसमध्ये उघडली. लोहा गाव येईपर्यंत जुन्या खुणा ओळखत रडत होते. मग एक प्रकरण आलं, जे आम्ही कधी रचलंच नव्हतं. धाकटी राणीची मुलगी नाहीच. जमीन हलून गडप झालेल्या नगरातून राजानं तिला घोंगडीत गुंडाळून आणलेली असते. थोरलीला हे ठाऊक असतं. दरवर्षी राणी धाकटीच्या हाती एक द्रोण देते आणि पाखरांचा वाटा म्हणून बांधावर ठेवायला पाठवते. तो वाटा असतो तिच्या मेलेल्या मायबापाचा.

मी पुस्तक मिटलं. आरसा खोटा, नगर खोटं. पण द्रोण खरा होता. दर येळवशीला आई ओल्या दाण्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे द्रोणात घालून माझ्याच हाती द्यायची, किल्लारीच्या बाजूच्या बांधावर ठेवून ये म्हणायची. अक्कानं कितीदा मागितला, तिला कधी दिला नाही. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी मांडीवरची होते आणि अक्का शाळेत जात होती.

घरी आल्यावर आईला विचारलं, तो वाटा पाखरांचा नव्हता का. ती ज्वारी पाखडत होती. हात थांबला नाही.

"पाखरं बी खातच होते की," म्हणाली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "तिला म्या शपथ घातली होती. तुला सांगायचं न्हाई म्हून."

अक्कानं मला नाहीच सांगितलं. नांदेडच्या मुलींना सांगितलं. येळवशीला ती पुस्तक आणणार होती म्हणजे सांगणारच होती, असं दाजी म्हणतात. असेल. पण कोपीत माझ्याकडं बोट दाखवून 'ही' म्हणताना तिला सगळं ठाऊक होतं, आणि मला तिच्याशी भांडायलाही मिळालं नाही.

यंदा आम्ही कोप घातली नाही. सण करायचा नव्हता, तरी आईनं द्रोणापुरती भज्जी केली आणि रानात जाऊ म्हणाली. तिथं तिनं द्रोण पुढं केला. मी घेतला नाही. ती गुडघ्यावर हात टेकून स्वतः उठायला लागली, तेव्हा घेतला.

बांधावर ठेवून उभी राहिले. ज्यांच्यासाठी ठेवला त्यांची नावं मला माहीत नव्हती. परत आल्यावर आईनं विचारलं, त्यातलं अक्कासाठी वेगळं काढून ठेवलंस का काही.

नाही म्हणाले.