आमचे साडू सांडत नाहीत

जगातली कुठलीही वस्तू न सांडता, न माखता बाहेर काढता येते, असं ठामपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे साडू प्लास्टिक सर्जन. हा शब्द ऐकला की लोकांना नट्यांची नाकं आठवतात. बुऱ्हाणपुरात मात्र त्यांच्या वाट्याला यायचे ते पॉवरलूममध्ये सापडलेले हात आणि उकळत्या तेलानं भाजलेले हलवाई. इस्पितळाबाहेरचं त्यांचं सगळं आयुष्य न सांडण्यात गेलं. आमच्या गावात मावा जिलेबी खाताना पाक कोपरापर्यंत ओघळू द्यायची रीत आहे. साडू ती चिमट्यात धरून, खाली वाटी लावून खात. पिकून काळं पडलेलं केळं ते शेंड्याकडून सोलत आणि सालीला जरा गर दिसला की उदास होत. "लागलं," एवढंच म्हणत आणि दुसरं केळं घेत. एकदा मी त्यांच्यासमोर वरण-भात कालवला, तर ते ताट घेऊन गॅलरीत गेले.

या खुळाची मी भरपूर टिंगल करत असे, सुलूचं दुखणं निघेपर्यंत. सुलू म्हणजे माझी बायको. बऱ्याच वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे तिचा एक स्तन काढावा लागला होता आणि मुंबईच्या डॉक्टरांनी त्या जागी सिलिकॉनची पिशवी बसवली होती. ती पिशवी आता आतल्या आत फुटली. "साडूभाऊ, आतलं ते सिलिकॉन डिंकासारखं असतं," साडूंनी मला समजावलं. "चिमट्यात धरावं तर निसटतं, पुसावं तर पसरतं, आणि ओढून घ्यायची साधी नळी घटकेत तुंबते. थोडं मागं राहिलं की गाठी होतात, मग परत उघडा." आणि सुलूनं तर बजावूनच ठेवलेलं, "दाजी, काय ते एकदाच. दुसऱ्यांदा मी टेबलावर चढणार नाही. जमत नसेल तर राहू द्या तसंच." हे ती मेथी निवडत, अगदी शांतपणे बोलली. पानं टाकून काड्या पातेल्यात घालत होती, ते फक्त मी पाहिलं.

तेव्हापासून साडूंच्या स्वयंपाकघरात फुगे आले. लूमच्या सुताला लावतात ती खळ ते डबा भरून आणत, फुग्यात भरत, फुगा भिजवलेल्या कणकेत पुरून टाचणीनं फोडत आणि तऱ्हेतऱ्हेच्या नळ्यांनी खळ ओढत बसत. कणकेला जरा खळ दिसली की "लागलं!" सुलूची बहीण, म्हणजे ताई, वैतागून म्हणायच्या, "पोळ्यांना कणीक उरत नाही घरात, आणि यांचं संशोधन चालू है!"

एका रविवारी मी त्यांना खकनारकडच्या माझ्या केळीच्या बागेत नेलं, नुसती हवा बदलायला. गडी घडांवर खालून लांब पिशव्या चढवत होते. साडू पाहतच राहिले. "आपण आधी उपसतो आणि मग पुसतो," ते पुटपुटले. "आधी पिशवी घातली पाहिजे!" घरी येऊन त्यांनी हे उत्साहानं सुलूला सांगितलं.

"म्हणजे मी आता केळीचा घड का, दाजी?"

"घड बरा. घड उलटून बोलत नाही."

इंदूरच्या एका कारागिरानं रुंद, तिरप्या तोंडाची, बोथट कडांची स्टीलची नळी करून दिली. तिच्याभोवती पातळ पिशवी: आधी आजूबाजूचं झाकायचं, मग ओढायचं. चाचणीला साडू मला म्हणाले, "तुम्ही फक्त पिशवीचं तोंड धरा. बाकी काही करू नका." मदतीला इतक्या तत्पर माणसाला अशी सूचना करू नये. खळ फार सावकाश येत होती. मला वाटलं, जरा हातभार लावावा. मी फुगा दाबला. खळ माझ्या मिशीत गेली, ताईंच्या साडीवर गेली, आणि उरलेली पंख्यावर गेली. तिथून ती सगळ्यांना सारखी वाटली गेली. सुलू इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती. साडू मात्र गंभीर. "बरं झालं," कपाळावरची खळ निपटत ते म्हणाले. "ऑपरेशनलाही कुणीतरी दाबणारच." आणि त्यांनी पिशवीच्या तोंडाला मदतनिसाची बोटं आत जाणार नाहीत असं ताठ कडं बसवून घेतलं. इस्पितळाच्या समितीनं सगळं तपासून होकार दिला, कड्यासकट. तिथल्या नर्स त्या कड्याला माझ्या नावानं ओळखत.

घरच्या माणसावर सुरी चालवायची नाही, म्हणून कापलं इंदूरहून आलेल्या त्यांच्या मित्रानं; नळी साडूंनी धरली. मी बाहेर बाकावर बसून होतो, मला आत न घेणाऱ्यांचे आभार मानत. साडू बाहेर आले. "कुठं लागलं नाही, साडूभाऊ," एवढंच म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत उभे राहिले.

आता साडू निवृत्त आहेत. हात थरथरतात, चिमटा धरवत नाही. जिलेबी हातानंच खातात. परवा पाक बोटांवरून ओघळत कोपरापर्यंत गेला आणि पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. "लागलं," ते ओशाळून म्हणाले. टोमणा माझ्या जिभेवर तयार होता. पण त्याआधीच सुलू ओला फडका घेऊन त्यांच्यापाशी बसली, बोटांपासून कोपरापर्यंत हलक्या हातानं पुसत गेली आणि म्हणाली, "कुठं काय, दाजी? काही नाही लागलं."