माळ्यावरून दिलेला शब्द
ताज्या शेणसारवणाचा वास आला की मला हिंदी मुलखातलं, भैरवगढच्या पलीकडचं ते शेतघर आठवतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही जुन्या शेतघरांची मापं घेऊन नकाशे काढत होतो. मी शिडीने माळ्यावर चढले. तुळयांवर जळल्याच्या खुणा होत्या आणि भिंतीवर आधीच्या, ठेंगण्या छपराची रेघ दिसत होती. म्हणजे घर एकदा जळून पुन्हा उंच बांधलेलं होतं. मी ते वहीत टिपत असतानाच शिडी सरकल्याचा आवाज आला. खाली घरमालक काका शिडी काढून घेऊन उभे होते. “पहले नापते हो, फिर तोड़ते हो,” ते शांतपणे म्हणाले. रस्ता रुंद होणार, ही कुणकुण गावाला लागलेली होती. मी सांगितलं, आम्ही विद्यार्थी आहोत, सरकारी माणसं नाही. काका हलले नाहीत. “घर टूटेगा क्या? बस इतना बता दो.” माझ्या पायाखालची फळी करकरत होती. “नहीं टूटेगा, काका,” मी म्हणाले. त्यांनी लगेच शिडी लावली, मला हात देऊन उतरवलं आणि चहाही पाजला. पुढच्याच वर्षी रस्त्यासाठी ते घर पाडलं. माळ्यावरून ते सांगताना मला काहीच माहीत नव्हतं, फक्त खाली उतरायचं होतं. काकांनी मात्र तो शब्द खरा मानला होता.