आगीनंतरची पानं

रुग्णालयाच्या धुलाईघरात ताई इस्त्री करायची. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी ती रोज एकेका खोलीत डोकावून हाक मारायची, "कुणी आत आहे का?" सगळ्या बायका तिच्या डोळ्यांदेखत बाहेर पडलेल्या असायच्या, तरीही.

"काय हो ताई, चादरी ओ देतात का?" त्या हसायच्या.

"हसा. मी माझ्या आजोबांची नात आहे."

आजोबा, म्हणजे आईचे वडील, कापसाच्या गोदामावर पहारेकरी होते. गोदामाला आग लागली तेव्हा त्यांनी आत शिरून माणसं बाहेर काढली आणि स्वतः आतच राहिले, असं आजी सांगायची. मागे फोटोसुद्धा उरला नव्हता. निवृत्त झाल्यावर ताईने ठरवलं, त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आजोबांचं नाव शोधायचं. छापलेलं एकदा बघितलं की झालं. पण तोवर डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. म्हणून तिने धाकट्या भावाला बरोबर घेतलं. त्याचा उभा जन्म बसच्या कंडक्टरकीत गेलेला.

"हळू वाच रे," वाचनालयात ती त्याला कोपराने ढोसायची. "इथे कुणाला पुढे सरकवायचं नाहीये."

आगीची बातमी लवकर सापडली. मृतांच्या नावांत आजोबा नव्हते. ताईचा चेहरा एवढासा झाला. भावाला ते बघवेना. "काही जण नंतर दवाखान्यात दगावले असतील," तो म्हणाला. "पुढचे महिने बघू की."

त्याच्याच सांगण्यावरून दोघं कडा झडलेल्या पिवळ्या पानांतून पुढे सरकत राहिले. एका दुपारी चौकशीची बातमी लागली. पहारेकऱ्याने दाराला बाहेरून कुलूप घातलं होतं आणि पाळी संपण्याआधीच तो निघून गेला होता. आतले लोक दार बडवत होते ते रस्त्यावर ऐकू येत होतं. किल्ली त्याच्याजवळ. तो अद्याप फरारी. खाली आजोबांचं पूर्ण नाव.

"का थांबलास?"

"शाई उडालीय. पीकपाण्याचं आहे काहीतरी."

"मग पीकपाणी वाच."

त्याने मनानेच पीकपाणी रचून वाचलं. ताई हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. जिना उतरताना म्हणाली, "ऑपरेशन करून टाकते डोळ्यांचं. तुझ्या जिवाला ताप नको. आजचं ते पान मीच बघेन."

ऑपरेशनची तारीखही ठरली. आज सांगून टाकू म्हणून तो रोज संध्याकाळी तिच्याकडे जायचा आणि चहा पिऊन परत यायचा. एकदा तर पान फाडायचं म्हणून एकटाच वाचनालयात गेला. हात धजला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात ताई झोपेतच गेली. सकाळी शेजारणीचा फोन आला तेव्हा त्याला सगळ्यात आधी वाटलं, सुटलो. मग तो जिन्यात बसून ढसाढसा रडला. पण आधी वाटलेलं ते काही पुसलं गेलं नाही.

आदल्या संध्याकाळी तो निघाला तेव्हा ती भिंतीला धरत धरत दारापर्यंत आली होती.

"डोळ्यांत घालायचे थेंब संपलेत," ती म्हणाली. "उद्या येताना आण. आणि ही रिकामी बाटली दाखव दुकानात, नाहीतर भलतंच काहीतरी घेऊन येशील."