दत्ताच्या गाडीला धक्का

चांगल्या चालणाऱ्या गाडीचा कधी किस्सा होत नाही. बसलात, गेलात, पोचलात, संपलं! पण दत्ताची गाडी बंद पडली की चार माणसं जमायची, चार माणसं जमली की बोलणं निघायचं, आणि बोलणं निघालं की किस्सा झालाच म्हणून समजा. आज इतक्या वर्षांनीही आम्ही कुठे भेटलो, की चहाच्या आधी ती गाडी येते.

आम्ही म्हणजे महाड एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीतले चौघं. दत्ता कदम प्लँटवर ऑपरेटर, सलीम इलेक्ट्रिशियन, बेंद्रे इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला आणि मी स्टोअरमध्ये. नव्वदचं दशक संपत आलं होतं. चारचाकी फक्त दत्ताकडे. कुण्या साहेबाने वापरून वापरून विकलेली, क्रीम कलरची. मुळात क्रीम होती की पांढरीची क्रीम झाली होती, यावर बेंद्रे आणि सलीमचं अजून एकमत नाही.

बाकी गाडी झकास होती. फक्त चावी फिरवली की "टक्!" एवढाच आवाज यायचा आणि पुढे शांतता. मग दत्ता क्लच दाबून दुसरा गिअर टाकणार, सलीम मागून "सेकंड टाकला काय?" म्हणून ओरडणार, आम्ही धक्का मारणार, "सोड!" म्हटलं की दत्ता क्लच सोडणार, आणि गाडी म्हाताऱ्यासारखी खोकत खोकत सुरू होणार. कंपनीत आम्हाला इन्क्रीमेंट कधी वेळेवर मिळालं नाही, पण दंड मात्र या गाडीने कमावून दिले!

*

अशा गाडीच्या मालकाला उताराचा वास येतो. महाड पडलं नदीकाठचं सपाट गाव. पण कुठल्या गल्लीत, कुठल्या दुकानासमोर गाडी आपणहून चार चाकं पुढे जाईल, हे दत्ताला पाठ होतं. भाजी कुठे घ्यायची, हे भाजीवरून नाही, उतारावरून ठरायचं. दत्ताची बायको, सुनंदावहिनी, म्हणायच्या, "शिळी मेथी खाऊन जन्म गेला, पण गाडी कशी पळत सुरू होते बघा!"

पाचाडला दत्ताच्या मेहुण्याचं लग्न होतं. दत्ता त्या घरचा थोरला जावई. आम्ही सगळे त्याच गाडीतून गेलो. मांडवापाशी जागाच जागा होती, पण सगळी सपाट. दत्ताने गाडी उलटी वर नेली आणि मांडवापासून लांब, रस्त्याच्या चढावर लावली. हँडब्रेकचाही भरवसा नव्हता, म्हणून चाकाखाली ठेवायला दगड शोधत बसला.

इकडे मांडवात बातमी पोचली, जावई रुसले! लांब गाडीत जाऊन बसलेत, हातात धोंडा आहे!

झालं. दोन वडीलधारी माणसं घाम पुसत वर आली. "जावईबापू, आमचं काय चुकलंमाकलं आसल तर पदरात घ्या."

दत्ता बिचारा खरं तेच बोलला. "काय नाय हो. मला हितंच बरं हाय. हितं उतार चांगला हाय."

आता हे ऐकून कोण गप्प बसेल? त्यांना वाटलं, टोमणा मारला! त्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना एकेक टोपी मिळाली आणि दत्ताला दोन.

*

पण या गाडीपायी एक गोष्ट अडून बसली होती, आणि तिचं हसू येत नव्हतं.

दत्ताचं मूळ घर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत. तिथे त्याची आई एकटी राहायची. आम्ही सगळे तिला आयेच म्हणायचो. दोन म्हशी, थोडी नाचणी, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वाडीत शिबिराला आलेल्या महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता लांबवू नका, एवढ्यात ऑपरेशन केलं तर नजर येईल. आणि आये गाडीत बसायला तयार नव्हती!

कारण असं, की वाडीत जिथे रस्ता संपतो ते अंगण साफ सपाट. दत्ता निघाला की सगळी वाडी धक्का मारायला बाहेर यायची. त्यात रघूकाकाही असायचे. शेजारच्याच घरातले, एका पायाने लंगडणारे. काठी भिंतीला टेकवून, लंगडत लंगडत, पण धक्का मारायचेच.

दत्ताच्या जन्माच्या वेळी आये अडली होती. भर पावसात चौघांनी तिला डोलीत घालून खाली उतरवली. चिखलात रघूकाकांचा पाय सटकला आणि मोडला. पण त्यांनी डोलीचा दांडा खांद्यावरून सोडला नाही, दुसरा माणूस येईस्तोवर तसेच गुडघ्यावर बसून राहिले. दत्ता सुखरूप झाला, पाय मात्र वाकडाच जुळला.

"माझ्यापायी एका मानसाचा पाय गेला," आये म्हणायची. "आता मी बसायची आन् त्यानंच लंगडत मागनं ढकलायचं? जमायचं नाय. गाडी आपली आपण चालू झाली तर बसन. नायतर ऱ्हाऊदे, म्हशी मला हातानं वळखतात."

"मग भाड्याची जीप आणतो," दत्ता म्हणाला.

"आन् लोकांनी म्हनायचं, पोराची गाडी आसून म्हातारीला भाड्याच्या गाडीतून न्हेली?"

आता बोला! दत्ता त्या दिवशी घाट उतरेपर्यंत रडला. आम्ही बाहेर बघत बसलो.

*

गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून बॅटरी बदलून झाली होती, टक् काही जात नव्हतं. शेवटी सलीम म्हणाला, "चार टेक्निकल माणसं आहोत. घरीच खोलू!" स्टोअरमधल्या मला त्याने टेक्निकलमध्ये धरलं, हा त्याचा मोठेपणा.

रविवारी दत्ताच्या बिल्डिंगच्या आवारात बॉनेट उघडलं. बेंद्रेने आधी परीक्षा घेतली. वहिनींना स्टिअरिंगवर बसवलं, हेडलाइट लावायला सांगितले आणि स्वतः समोर उभा राहिला. "वहिनी, चावी फिरवा. दिवे मंद झाले तर बॅटरी. दिवे तसेच राहिले तर दुखणं स्टार्टरचं."

वहिनींनी चावी फिरवली. टक्! दिवे ढिम्म हलले नाहीत.

"म्हणजे करंट आहे, आवाज पोचतोय, पण आतली मोटर उठत नाही," बेंद्रे म्हणाला.

वहिनी म्हणाल्या, "हे पण नाइट करून आले की असंच. हाक मारली की हूं म्हणतात, उठत नाहीत!"

मग सलीमने सांगितलं, स्टार्टरवर काहीतरी हलकेच मारून बघा. हातोडी सापडेना. वहिनींनी खलबत्त्याचा लोखंडी बत्ता आणला. दत्ताने चावी धरली, सलीमने दोनदा ठोकलं, आणि गाडी सुरू! म्हणजे मोटरला करंट देणारे आतले ब्रश झिजले होते. ठोकलं की जागेवर बसायचे, मग पुन्हा सुटायचे. निदान पक्कं झालं.

नवा स्टार्टर दुकानदार मागवून देणार होता. तोवर दत्ता तो बत्ता गाडीत घेऊनच फिरला. कंपनीच्या गेटवर वॉचमनने डिकी उघडली, बत्ता हातात घेतला, दत्ताकडे बघितलं, प्लँटकडे बघितलं.

"कदमसाहेब, आता आपली कंपनी मसाला पण काढनार काय?"

बरं, मग बत्त्यावरच आयेला का नाही आणली? तोही प्रयत्न झाला! वाडीत दत्ता चावी धरून बसला आणि मी ठोकायला लागलो. ठोक ठोक ठोकलं, टक् काही जाईना. आयेने दारातूनच विचारलं, "रे, मुक्या वस्तूला कशाला मारता?" आणि मागे बघतो तर रघूकाका बाही वर सारून तयार!

*

नवा स्टार्टर आला त्या रविवारी पुन्हा जमलो. बेंद्रे बजावत होता, "आधी बॅटरीची अर्थची वायर काढा." सलीमने ऐकलं नाही. "बेंद्रे, मी चारशे चाळीसमध्ये रोज हात घालतो. बारा व्होल्टचं काय सांगतोस?"

त्याने जाड केबलच्या नटाला पाना लावला, पान्याचं दुसरं टोक इंजिनाला टेकलं, आणि अशी ठिणगी उडाली की सलीम उडी मारून थेट जिन्यापाशी! पाना जागेवर चिकटला होता. पुढे अर्थची वायर निघेपर्यंत सलीम गाडीकडे फिरकला नाही.

खालचा बोल्ट निघाला. वरचा कुणाच्या हाताला लागेना. तिघांनी मनगटं सोलून घेतली. वहिनी मासे तळायचे टाकून आल्या, हातातल्या बांगड्यांवर फडकं गुंडाळलं, हात आत घातला आणि बोल्ट घेऊनच बाहेर आल्या. "कोळंबीच्या डोक्यातलं काढायला ह्याच्यापेक्षा कमी जागा असते," म्हणाल्या, आणि परत तव्याकडे गेल्या.

नवा स्टार्टर बसवण्याआधी तपासायचा होता. दारात पाटावर ठेवला आणि बॅटरीच्या वायरी लावल्या. तो धरून ठेवायचा असतो, हे आमच्यातल्या एकाही टेक्निकल माणसाला सुचलं नाही. वायर टेकताच स्टार्टरने जी उसळी घेतली, ती पाटावरून सरळ आंबोळीच्या पिठाच्या पातेल्यावर!

पीठ सांडलं, पण दत्ताचा चेहरा असा फुलला की वहिनींनी रागवायचं रहित केलं.

*

स्टार्टर बसला. बोल्ट आवळले, वायरी लागल्या, अर्थची वायर सगळ्यात शेवटी, आणि ती बेंद्रेने स्वतः लावली. दत्ता आत बसला. डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि चावी फिरवली.

आता या माणसाचा इतक्या वर्षांचा हात. बसलं की क्लच दाबायचा, दुसरा गिअर टाकायचा, आणि इंजिन हललं की क्लच सोडायचा! त्याने तेच केलं. स्टार्टरने पहिल्याच झटक्यात इंजिन उठवलं, दत्ताने सवयीने क्लच सोडला, आणि गाडी समोरच्या कपड्यांच्या दोरीतून आरपार!

आम्हीही काही कमी नाही. तिघंही सवयीने मागे हात लावून उभे होतो. गाडी निघून गेली आणि आम्ही तिघं आवारात पालथे.

गाडी भिंतीपाशी थांबली. काचेवर शेजारच्या काकूंची इरकली साडी, आरशाला त्यांच्या यजमानांची बनियन. आतून दत्ता ओरडत होता, "चालू झाली! आये येनार! चालू झाली!"

काकू गॅलरीत आल्या होत्या भांडायला. पण आयेचं सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. म्हणाल्या, "असू दे, परत धुते. तू आधी आईला घेऊन ये."

*

दुसऱ्याच रविवारी आम्ही वाडीत गेलो. हॉर्न ऐकून वाडी बाहेर आली. आयेला पुढच्या सीटवर बसवलं. सगळे सवयीने मागे जाऊन उभे राहिले, रघूकाकांनी काठी भिंतीला टेकवली. दत्ताने चावी फिरवली आणि गाडी एका हाकेला ओ देऊन सुरू झाली!

आयेने डॅशबोर्डवर हात ठेवला. इंजिन चालू आहे ना, हे हाताला पटेपर्यंत ठेवला. मग म्हणाली, "चल."

रघूकाका खिडकीशी आले. हसले, पण त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं. "मंग आता आमचं काय काम ऱ्हायलं नाय म्हना," असं म्हणून काठी घ्यायला वळले.

ऑपरेशन नीट झालं. आये महिनाभर महाडला राहिली. पट्टी सुटल्यावर सगळ्यात आधी नातवंडं बघितली, मग आम्हाला एकेकाला जवळ बोलावून बघितलं. बेंद्रेला म्हणाली, "आवाजावरनं मला तू जाडा वाटायचास!"

*

मग तिला वाडीत सोडायला गेलो. आये घराघरात जाऊन माणसं बघत होती. रघूकाकांपाशी मात्र बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "भावजी, तुमचे केस कवा पांढरे झाले?"

"झाले की. तू बघत नव्हतीस तवा," रघूकाका म्हणाले.

मग तिची नजर खाली त्यांच्या पायाकडे गेली. इतकी वर्षं शेजारी राहूनही तिला तो पाय अलीकडे नीट दिसलाच नव्हता.

आम्ही निघालो तेव्हा वाडी पुन्हा अंगणात जमली. नवा स्टार्टर आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तरी मागेच उभे राहिले, हात लोंबकळत ठेवून. दत्ताने चावीला हात घातला.

"चावी फिरवू नको रे," आये म्हणाली.

"का गो आये?"

"शेकंड टाक."

दत्ताने चावी अर्धीच फिरवून हात मागे घेतला. बेंद्रे मागच्या सीटवरून म्हणाला, "अहो आये, स्टार्टर आता नवा..." सलीमने त्याचा गुडघा दाबला.

आये गाडीच्या मागे गेली. पदर खोचला. रघूकाकांनी काठी भिंतीला टेकवली आणि डिकीवर हात ठेवले. त्यांच्या हातांशेजारी तिने आपले दोन्ही हात ठेवले. मग बाकीची वाडी आली.

गाडी हलली. अंगणाच्या कडेपर्यंत गेल्यावर मागून आयेचाच आवाज आला, "सोड!"

दत्ताने क्लच सोडला. गाडी खोकली आणि सुरू झाली. वळणापर्यंत तो आरशात बघत होता.

पोलादपूरला चहाला थांबलो. नाक्यावर हॉटेलासमोर सपाट जागा मोकळीच होती. दत्ता तिथे थांबला नाही. गाडी पुढे नेली आणि उतारावर लावली.