बजाबाईची घायपात

वैरागजवळच्या वस्तीवर नवरा वारल्यावर बजाबाईच्या वाट्याला माळाचा निव्वळ मुरमाड तुकडा आला. विहिरीचा मळा धाकट्या दिरानं, आप्पानं ठेवून घेतला. माळावर दुसरं काही येईना, म्हणून तिनं ओढ्याकाठच्या घायपातीच्या बुडाशी फुटलेली पिल्लं आणून लावली. तण काढलं, शेळ्या हाकलल्या. मधला कोंब जपून ती फक्त बाहेरची पानं कापायची, ती कुजवून त्यांतला धागा, वाख, काढायची आणि बैलांसाठी कासरे वळायची. सात वर्षांत घायपात कमरेला लागली.

बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याचं काम निघालं. बजाबाईही तिथं खडी फोडायला जाऊ लागली. रस्ता मळ्यातून जाणार होता, पण आप्पानं आखणी करणाऱ्यांना गाठून तो माळावर वळवला.

"वहिनी, काटंच हायती की ते," तो म्हणाला.

दुसऱ्यानं घातलेले घाव बघवणार नाहीत, म्हणून घायपात खणून काढायला तिनं स्वतःच कुदळ उचलली. काटे दंडात घुसत होते. निघालेली पिल्लं तिनं बाजूला ठेवली, पण उरलेल्या जागेत खडीचे ढीग पडले आणि पिल्लं उन्हात वाळून गेली.

पुढं पाऊस झाला, काम बंद पडलं. रस्ता माळावरच अर्धवट राहिला.

"आता लावा की पुन्हा," आप्पा म्हणाला. "जागा तुमचीच हाय."

"जागा हाय, भावजी. सात वर्सं कुटनं आणू?"

ती परत माळावर गेली नाही. वैरागात एका अडत्याच्या घरी धुणंभांडी करू लागली.