मीटरमागची मेथी

अकोल्यातल्या जुन्या शहरात माझं मोटरसायकलचं गॅरेज आहे आणि भाजीवाल्यांच्या गाड्यांचा मला राग येतो. त्यातही सहदेवभाऊंच्या गाडीचा फार. ते रोज सकाळी गावाहून मेथी घेऊन येतात. त्यांच्या मोटरसायकलच्या डिजिटल मीटरच्या काचेला आतून वाफ धरायची, आकडे थरथरायचे, मग सगळं बंद. मी मीटर वाळवलं, रबरी सील बदललं. पुन्हा तेच.

परवा ते आले तेव्हा कारण समोरच दिसलं. हँडलला मेथीच्या पिशव्या आणि त्यांवर ओलं पोतं. पाणी वायरवरून ओघळत मीटरच्या मागे जात होतं.

“भाऊ, तुमी मीटरले पानी देऊन राहिले,” मी खेकसलो.

“मेथी सुकली तर कोन घेईन?” ते म्हणाले.

मी मीटरमागचं कव्हर काढलं. कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढला होता. शेजारी साचलेल्या ओल्या धुळीत मेथीचा एक दाणा रुजला होता, बहुतेक त्या पोत्यातूनच पडलेला. त्याचा पिवळट कोंब उजेडाच्या बारीक फटीकडे वाकला होता.

मी ब्रश उचलला, तसा सहदेवभाऊंनी माझा हात धरला. जन्मभर मेथी पेरलेला माणूस श्वास रोखून बघत होता.

“याले उजेड कुठं हाय ते कोनं सांगतलं?” ते हळूच म्हणाले.

त्यांनी तो कोंब धुळीसकट चहाच्या रिकाम्या कपात काढून घेतला. मी पिना घासल्या, चावी फिरवली. मीटर लख्ख लागलं.

सहदेवभाऊंनी तिकडे पाहिलंच नाही. मीही कपातच बघत होतो.