मी बांधलेल्या गाठी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. आमचे हे ठाण्याच्या कोर्टात कारकून. त्यांनीच मला लिहावाचायला शिकवलं, मग असल्या खुळांवर माझा विश्वास कसला बसतोय! तरी हे लिहायला घेतलंय...

आमचं घर कल्याणला, खाडीच्या बाजूला. धाकटी नणंद यमू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती — आठवा नुकता लागलेला. सासूबाईंना जाऊन वर्ष व्हायचं होतं. त्यांचा एक नेम होता. आळीत कुणी अडली की आधी त्या घरातल्या सगळ्या गाठी सोडायच्या... गाईचं दावं, बोचकी, बायकांचे अंबाडेसुद्धा. म्हणजे बाई लवकर मोकळी होते, म्हणायच्या. मी पदराआड हसायची.

त्या सकाळी गाईचं दावं सुटलेलं दिसलं. मी बांधलं. मग धुण्याचं बोचकं सुटलं, मग लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर बांधलेला दादरा. मग माझाच अंबाडा — दोनदा!

"यमे, हे उद्योग तुझेच ना गं?"

"मी कशाला सोडू, वहिनी? मला वाकवतसुद्धा नाहीये. कंबर भरून येतेय... येते नि जाते, येते नि जाते."

"काल वाल चापलेस ना, भोग आता! आठव्यात कुठल्या आल्यात कळा? ओवा चाव नि पड जरा."

ती पडली, पण दुखणं थांबेना. तिचं पोट खाली उतरलेलं मला दिसत होतं. बोलता बोलता भिंत धरून ती गप्प व्हायची, तेही दिसत होतं. तेवढ्यात दादरा पुन्हा सुटला. मी चिडून दुहेरी गाठ मारली.

दुपारी यमूचं लुगडं भिजलं, तेव्हा कुठे मी बोलावणं धाडलं. बायजा सुईण धावत आली.

"आगो बाय, सकालपासून कला खातेय पोर! आनी घरान गाठी तशाच?"

मुलगा झाला. रडला नाही. बायजेनं नाळ माझ्यापुढे धरली... मधोमध गाठ होती. दुहेरी.

"अशी कंदी नाय बगितली," एवढंच ती बोलली.

यांनी ठाण्याच्या डॉक्टरांना विचारलं. पोटात मूल फिरतं, पडते कधी अशी गाठ, म्हणाले. पडत असेल हो! पण दावं? माझा अंबाडा? ते कोण सोडत होतं, मला अजून कळलेलं नाही. सासूबाई असतील तर... नातवासाठी आल्या होत्या बिचाऱ्या, आणि मी दिवसभर त्यांच्याशी भांडत बसले.

यमू सव्वा महिन्यानं सासरी निघाली. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "वहिनी, तुम्ही होतात म्हणून मी तरी वाचले."

तिला वाचता येत नाही. म्हणून हे लिहायचा धीर झाला.